ठाण्यातला पावसाळा आणि सायकलची चामडी सीट: काय करावे, काय टाळावे?

वाघबीळकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ परिसरात राहतो आणि वागळे इस्टेटमधील कचेरीत आठवड्यातील बहुतेक दिवस सायकलनेच जातो. गेल्या दिवाळीनंतर मी ब्रूक्स या इंग्लिश कंपनीची बी१७ ही चामडी सीट घेतली. सुरुवातीचे काही आठवडे ती फारच कडक वाटली. पण आता बसण्याच्या हाडांखाली तिला नेमका माझ्यापुरता आकार आला आहे आणि येऊरचा चढ चढून आल्यावरही अंग अवघडत नाही. अशी अंगवळणी पडलेली वस्तू पहिल्याच पावसाळ्यात हातची जाऊ नये, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो, म्हणजे जवळपास चार महिने ही सीट ओल्या हवेत राहणार. या सीटच्या निगेविषयी जे वाचायला मिळते ते बहुतांशी इंग्लंड-युरोपातील सायकलस्वारांनी लिहिलेले असते. त्यांचा पाऊस थंड असतो आणि भिजलेली सीट घरात आणली की हीटरच्या खोलीत ती आपोआप वाळते. आपल्याकडे जुलैत घरात टांगलेला टॉवेलसुद्धा दुसऱ्या दिवशी दमटच हाताला लागतो. त्यामुळे तिकडचा सल्ला जसाच्या तसा इकडे लागू पडेल, असे मला वाटत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. सीटवर कायम प्लास्टिकचे आवरण ठेवावे का? आई म्हणते की खोबरेल तेल चोळून ठेव. नाक्यावरचे चर्मकार काका म्हणतात की काळे पॉलिश मार. आणि सीटसोबत आलेल्या डबीतील मलम किती व कधी लावायचे, हे मला नीट उमगलेले नाही. शिवाय गेल्या आठवड्यापासून मागच्या रिबिटांच्या आसपास पांढुरकी झाक दिसते आहे, ती बुरशी आहे की आणखी काही? आणि शेवटचा प्रश्न असा की, चार महिने ही सीट काढूनच ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे ठरेल का?

पामबीच_पहाटे

नमस्कार. मी नेरूळला राहतो आणि बाराही महिने चामड्याच्याच सीटवर सायकल चालवतो, तेव्हा अनुभवाने जे पटले आहे ते सविस्तर लिहितो.

वरून पडणाऱ्या पावसापेक्षा खालून उडणाऱ्या पाण्याची काळजी अधिक घ्यावी, हे माझे पहिले सांगणे. सीटची वरची बाजू गुळगुळीत, दाट आणि मेण मुरलेली असते, आणि सायकल चालू असताना तिच्यावर आपण स्वतःच बसलेले असल्याने पाऊस तिच्यापर्यंत फारसा पोहोचतही नाही. खालची बाजू मात्र उघडी आणि केसाळ असते. मागचे चाक रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि बारीक कच सतत त्या बाजूवर फेकत राहते, आणि चामडे ते मुकाट्याने पिऊन घेते. वरून कोरडी ठाक दिसणारी सीट खालून हात लावला की चिंब लागते. हल्लीच्या अनेक सायकली मडगार्डविना मिळतात. त्यामुळे पावसापूर्वी पहिला खर्च कोणता करावा असे विचारले, तर मी पूर्ण लांबीचे मागचे मडगार्ड असेच सांगेन. ते बसत नसेल तर जाड फ्लेक्सचा सीटच्या आकाराचा तुकडा कापावा, त्याच्या दोन्ही कडांना चिरा देऊन तो सीटखालच्या दोन दांड्यांमधून ओवावा आणि चामडे व फ्लेक्स यांच्यात बोटभर जागा राहील असा बांधावा. तो चामड्याला चिकटून राहिला तर हवा कोंडते आणि पाण्यापासून वाचवलेली सीट घामेजून खराब होते.

आवरणाचेही तेच आहे. सायकल उघड्यावर लावून कामाला जाताना प्लास्टिकची पिशवी किंवा शॉवर कॅप जरूर चढवावी. मात्र कचेरीत किंवा घरी छताखाली आल्याबरोबर ती काढावी. ओल्या सीटवर पिशवी घालून रात्रभर ठेवणे हे सीट उघडी भिजू देण्यापेक्षाही वाईट, कारण आतली ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही. पिशवी घालूनच सायकल चालवण्याचाही काही जणांचा परिपाठ असतो. तसे केल्याने चामड्याला अपाय होत नाही, पण बूड घसरते आणि वळणावर तोल सांभाळणे अवघड जाते, म्हणून मी ते टाळतो.

इतके करूनही सीट भिजणारच, हे गृहीत धरावे. भिजली की जुन्या सुती कापडाने पाणी टिपून घ्यावे, घासू नये, आणि ती पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत ठेवावी. खालच्या बाजूला वारा लागेल अशी ती कलती ठेवल्यास उत्तम. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही जास्त. तेवढा काळ तिच्यावर बसणे शक्यतो टाळावे, कारण ओले चामडे वजनाखाली ताणले जाते आणि ताणलेल्या आकारातच वाळते. दोन्ही बाजूंच्या झालरी (खाली लोंबणाऱ्या कडा) पसरल्यासारख्या वाटत असतील, तर वाळेपर्यंत त्यांच्याभोवती सुती पट्टी हलकेच गुंडाळून ठेवावी. हेअर ड्रायर, गॅसची शेगडी, गच्चीतील ऊन यांपैकी कशाचाही आधार घेऊ नये.

खाडीच्या काठाने रोज जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पामबीच रस्त्यावरचा वारा खारा असतो, आणि त्याची झळ चामड्याआधी सीटखालच्या दांड्यांना व पुढच्या ताण-नटाला (चामडे ताणून धरणाऱ्या नटाला) लागते. महिन्यातून एकदा मशीन ऑइलच्या फडक्याने दांड्या पुसाव्यात, तेल चामड्याला लागू न देता; आणि पावसाळ्यापूर्वी नटाच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ठेवावे.

कळवा_चर्मकाम

वरचा प्रतिसाद मुद्देसूद आहे. माझी उमेदीची वर्षे धारावीत चामड्याच्या वस्तूंच्या कामात गेली, त्यामुळे तेल, पॉलिश आणि पांढरी झाक यांविषयी मी लिहितो. त्यासाठी हे चामडे मुळात काय आहे, ते आधी सांगायला हवे.

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पिशव्या, जाकिटे आणि बूट क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात. अशा सीटचे चामडे तसे नसते. ते गुरांच्या जाड कातड्याचे, झाडांपासून मिळणाऱ्या टॅनिनने सावकाश कमावलेले आणि पाच मिलिमीटरच्या आसपास जाड असते. आपल्याकडील कोल्हापुरी चप्पल याच कुळातली. तिचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. कोल्हापुरी पावसात का घालू नये, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सीटचे निम्मे दुखणे न सांगताच कळेल. पाणी शिरले की तंतू फुगतात, त्यांच्यामधले सुटे टॅनिन आणि स्निग्धांश पाण्याबरोबर बाहेर येतात (भिजलेल्या नव्या सीटखाली तपकिरी थेंब दिसतात ते हेच), आणि मग वाळताना उघडे पडलेले तंतू एकमेकांना चिकटून चामडे कडक व ठिसूळ होते. उष्णतेचा धोका याहून मोठा आहे. अशा प्रकारे कमावलेले चामडे कोरडे असताना बरीच उष्णता सहन करते, पण ओले असताना साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसलाच आकसते, आणि एकदा आकसले की कोणत्याही उपायाने पूर्वपदावर येत नाही. हेअर ड्रायरची हवा तोंडाशी इतकी गरम सहज असते; म्हणूनच वरच्या प्रतिसादातील तो इशारा कृपया हलक्यात घेऊ नये.

आता तेलाविषयी. आपल्या आईंचा सल्ला चपलेपुरता चुकीचा नाही. चप्पल जमिनीवर टेकलेली असते, तिला मऊपणा चालतो. ही सीट मात्र पुढचे नाक आणि मागची लोखंडी कमान यांच्यामध्ये अधांतरी ताणलेली असते आणि आपला सगळा भार ती निव्वळ स्वतःच्या कडकपणावर पेलते. खोबरेल तेल पातळ असल्याने आपल्या उकाड्यात ते थेट गाभ्यापर्यंत मुरते, तंतू सैल पडतात आणि सीट मध्यभागी खचते. एरंडेल तेल, नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले) किंवा सायकलच्या साखळीचे तेल यांचेही तेच. काळ्या पॉलिशने चामड्याचे फारसे बिघडत नाही, पण घामाने आणि पावसाने त्याचा रंग पँटवर उतरतो, म्हणून ते नकोच.

सोबत आलेल्या डबीतील मलम, म्हणजे प्रूफाइड, हे मुख्यतः चरबी, मेण आणि तेल यांचे घट्ट मिश्रण आहे आणि त्यात सिट्रोनेलाचे तेल असते. आपल्या गवती चहाच्याच कुळातील गवतापासून ते काढतात, म्हणून डबी उघडताच ओळखीचा वास येतो. त्यातील मेण पृष्ठभागावर राहून पाणी अडवते आणि स्निग्धांश बेताने आत जातो. मात्र ते लावतानाही हात आखडता घ्यावा. मे महिन्याच्या अखेरीस, सीट पूर्ण कोरडी असताना, बोटाला लागेल इतकेच मलम घेऊन वरच्या बाजूला पातळ थर द्यावा, रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी मऊ कापडाने चमक येईपर्यंत पुसावा. खालच्या उघड्या बाजूला, विशेषतः कडांना आणि रिबिटांच्या भोवती, पावसाळ्यापूर्वी एकदा थोडे अधिक लावले तरी चालते. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये एखादी उघडीप साधून वर एक अगदी पातळ हात द्यावा आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा. ओलसर सीटवर मलम कधीही लावू नये, कारण मेणाचा थर आतली ओल आतच कोंडतो आणि बुरशीला आयते घर मिळते.

पांढऱ्या झाकेची परीक्षा सोपी आहे. अंगठ्याचा पेर त्या जागी घट्ट दाबून, मनात वीसपर्यंत आकडे मोजेपर्यंत धरावा आणि मग हलकेच फिरवावा. झाक अंगठ्याच्या उबेने वितळून नाहीशी झाली, तर ते मलमातील मेण वा चरबी रंध्रांतून वर आलेली आहे. ते निरुपद्रवी आहे आणि कापडाने पुसले की काम संपले. झाक तशीच राहिली, बोटाला भुकटी लागली, नीट पाहिल्यावर तिला लव किंवा हिरवट-करडे ठिपके दिसले आणि जवळून कोंदट वास आला, तर ती बुरशी समजावी. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की चामड्यावर बुरशी मूळ धरू शकते, आणि आपल्या किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये ती सहसा त्याहून जास्तच असते. मेण मेमध्येही दिसते, बुरशी बहुधा पाऊस स्थिरावल्यावर येते. त्यामुळे आपल्या सीटवर आज जे दिसते आहे ते मेणच असावे, असा माझा अंदाज आहे.

बुरशी आलीच, तर सीट गॅलरीत न्यावी, नाकाला रुमाल बांधावा आणि कोरड्या मऊ ब्रशने ती आधी झाडून काढावी. घरात झाडू नये, कारण तिचे बीजाणू उडून इतरत्र बसतात. मग निम्मे पाणी घातलेल्या साध्या व्हिनेगरमध्ये फडके भिजवून, घट्ट पिळून, फक्त चामडे पुसावे. येथे एक सावधगिरी: लोखंडी रिबिटांच्या जवळ व्हिनेगर नेऊ नये. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात एकत्र आले की निळसर-काळा रंग तयार होतो, आणि आम्ल असले की तो अधिकच झपाट्याने उतरतो. पावसाळ्यात साध्या पाण्यानेही रिबिटांभोवती काळी वर्तुळे उमटतात ती याच कारणाने. तो डाग चामडे कुजल्याचा नसतो, त्यामुळे घाबरून ते खरवडू नये. तांब्याच्या रिबिटांना काळे वळ येत नाहीत. त्यांच्या कडेला मात्र चरबीशी संयोग होऊन हिरवट मेणचट थर साचतो, तो लाकडी काडीने अलगद काढता येतो.

तलावपाळी_फेरी

मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. ज्यांना रोज भर पावसात सायकल चालवावीच लागते आणि कचेरीत सीट वाळवायला जागा मिळत नाही, त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात चामडी सीट काढून ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते. एकामागून एक दिवस भिजत राहिलेल्या सीटला वाळायला उसंतच मिळत नाही, आणि मग मलमाचाही उपयोग होत नाही. तेवढ्या काळासाठी साधी फोमची सीट पुरते. ब्रूक्सचीच कॅम्बियम ही सीट नैसर्गिक रबराची असते आणि तिच्या सर्व ऋतूंसाठीच्या प्रकाराला चामड्यासारखी निगा लागत नाही, पण तिची किंमत पाहता ती केवळ चार महिन्यांसाठी घ्यावी असे मी म्हणणार नाही.

काढलेली सीट कोठे ठेवतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. माळा, लोखंडी कपाट आणि प्लास्टिकची पिशवी या तिन्ही जागा टाळाव्यात. पहिल्या जागी उंदीर चामडे कुरतडतात आणि उरलेल्या दोन ठिकाणी हवा खेळत नाही. सुती कापडात सैल गुंडाळून, जेथे रोज पंखा चालतो अशा खोलीत उघड्या फडताळावर ठेवावी आणि दर आठवड्याला उघडून पाहावी.

पामबीच_पहाटे

तलावपाळी यांचा मुद्दा रास्त आहे, विशेषतः वाळवायला जागा नसणाऱ्यांच्या बाबतीत. परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे की पावसाळ्यात बुरशीने खराब झालेल्या सीट बहुतेक वेळा वापरातल्या नसून ठेवणीतल्या असतात. वापरातल्या सीटला रोज हात लागतो, वारा लागतो, कापड फिरते. ठेवणीतली विसरली जाते. त्यामुळे सीट काढायची असेल, तर ती दर आठवड्याला उघडून पाहण्याची त्यांची सूचना काटेकोरपणे पाळावी. ते जमणार नसेल, तर चांगल्या मडगार्डसह ती सायकलवरच राहू द्यावी.

वाघबीळकर

सर्वांचे मनापासून आभार. अंगठ्याची परीक्षा आज सकाळी केली. पांढरी झाक उबेने पूर्ण विरघळली आणि खालचा तपकिरी रंग स्वच्छ दिसू लागला, तेव्हा ते मेणच होते. आईलाही तेलाचे कारण समजावून सांगितले आणि तिला ते पटले.

कचेरीत आमच्या मजल्यावर जिन्याजवळ पंख्याखाली सायकल ठेवण्याची परवानगी मिळाली आहे, म्हणून सीट न काढता मागचे लांब मडगार्ड बसवून घेण्याचे ठरवले आहे. आता एकच शंका उरली आहे. सीट सध्या मध्यभागी किंचित खाली गेल्यासारखी वाटते. सोबत पुढचा नट आवळण्याचा पाना आलेला आहे. पावसाळ्यापूर्वी सीट आवळून घ्यावी का, म्हणजे ओलीत ती कमी खचेल?

कळवा_चर्मकाम

पावसाळ्यापूर्वी खबरदारी म्हणून आवळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपण जे वर्णन करता, म्हणजे हाडांखाली आलेले दोन हलके खळगे आणि मध्यभाग किंचित खाली, ती नव्या सीटची स्वाभाविक घडण आहे. तिच्यासाठीच तर ही सीट घ्यायची. ती घडण नट आवळून सपाट केली, तर रिबिटांच्या भोकांवर विनाकारण ताण येतो आणि चामडे नेमके तेथूनच फाटते. तो नट पुढे वर्षानुवर्षांच्या वापराने येणाऱ्या सैलपणासाठी दिलेला आहे.

बसल्यावर सीटचा मध्य खालच्या दांड्यांना टेकू लागला, किंवा नाकाचा भाग उंच आणि मधला भाग खोल झाल्याने मांड्यांमध्ये टोचू लागले, तरच पाना हाती घ्यावा. तेव्हाही अर्ध्याच फेऱ्याने आवळावे आणि आठ-दहा दिवस सायकल चालवून मगच पुढचे ठरवावे. भिजलेली सीट सैल वाटते म्हणून ती कधीही आवळू नये. ओले चामडे वाळताना स्वतःहून आकसते, आणि आधीच ताणून ठेवलेले असेल तर त्या आकसण्याचा सगळा जोर रिबिटांवर जातो. पूर्ण वाळल्यानंतर तपासले असता ती बहुतेक वेळा पूर्वीइतकीच घट्ट आढळते. पाना टूलकिटमध्ये न ठेवता घरीच ठेवावा, आणि मडगार्ड बसवायला सायकल देताना कारागिराला नटाला हात न लावण्याविषयी आधीच सांगून ठेवावे.